ओढ्यावरची नानांची सही

आधीच सांगतो, मी मोजमाप करणारा माणूस आहे. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा घ्यायला जायचो. इथे लिहायचं ठरवलं ते कुणाला घाबरवायला नाही... दोन वर्षं एक गोष्ट दडवली होती, ती आता दडवत नाही. म्हणून.

मी एका विद्यापीठात टेक्निकल असिस्टंट आहे. वय एक्कावन्न, राहायला सांगवीत. आमचा गट जंगलातल्या ओढ्यांचा अभ्यास करतो – डोंगरावर पाऊस पडला की ओढ्याला पाणी किती येतं, किती वेळात येतं, आणि झाडं तुटल्यावर त्यात काय फरक पडतो. महाळुंग्याच्या कंपन्या मागे टाकून डोंगराकडे गेलं की एका ओढ्यावर आमचा लहानसा बांध आहे. त्यात लोखंडी पत्रा, पत्र्याला इंग्रजी व्हीसारखी खाच. मागे गुडघाभर पाण्याचा डोह. डोहात लॉगर, म्हणजे दर मिनिटाला पाण्याची उंची नोंदवणारं यंत्र.

यंत्र असलं तरी खाचेत पानं अडकतात, पाणी तुंबतं आणि मोजमाप चुकतं. त्यासाठी गावातले नाना होते. पासष्टीचे, सडसडीत, कानाने कमी. रोज सकाळी आठला डोहात उतरायचे, पानं काढून डाव्या काठावर ढीग करायचे. मला म्हणायचे, "सायेब, एवढी वर्सं मोजताय, वढ्याचं लगीन ठरवायचंय का काय?" बाहेर येताना दगड निसरडे, म्हणून मी असलो की माझा दंड धरायचे.

ग्राफवर ते दिसायचंसुद्धा. नाना उतरले की पाणी केसभर वर, पानं काढली की झपकन खाली, ते बाहेर आले की आणखी केसभर खाली. तीन खुणा. लॅबमध्ये आम्ही त्याला 'नानांची सही' म्हणायचो.

डोहाजवळ रेंज नाही. त्यामुळे नाना घराच्या अंगणातून मला फोन करायचे, "वर हाय का?" डोंगरमाथ्यावरच्या पर्जन्यमापकाचे आकडे माझ्या मोबाईलवर येतात. ते बघून मी 'नाही' म्हटलं तरच ते ओढ्याकडे निघायचे. हा आमचा नियम. मीच घालून दिलेला.

त्या दिवशी मी चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकलो होतो. नानांचा फोन आला. "सायेब, वर हाय का?"

वर होता. स्क्रीनवर आकडा उड्या मारत होता. एवढ्या पुराची आम्ही तीन वर्षं वाट बघत होतो, आणि आदल्या वर्षीचा मोठा पूर पानं अडकल्यामुळे वाया गेला होता. मी मनात हिशेब केला – पाणी खाली यायला पस्तीस मिनिटं. नानांना जायला दहा, काम पाच मिनिटांचं. म्हणालो, "नाही नाना, वर काही नाही. तेवढी खाच साफ करा अन् लगेच निघा."

पस्तीस मिनिटं हा आदल्या वर्षीचा आकडा होता. त्याच उन्हाळ्यात वरचा उतार प्लॉटिंगसाठी मोकळा केला होता. झाडं गेली की पाणी लवकर उतरतं हेच सिद्ध करण्यासाठी मी पगार घेत होतो... आणि तेच विसरलो.

नाना दुपारी खालच्या पुलाच्या कठड्याला सापडले.

चौकशीत मी सांगितलं, ते सवयीने गेले असतील, माझं बोलणं झालं नव्हतं. कुणी खोलात गेलं नाही. त्या पुराचा ग्राफ मात्र सुंदर आला. त्यात सहीच्या दोनच खुणा होत्या. उतरले, पानं काढली. तिसरी नाही.

त्यानंतर बांधावर कुणी कामाला येईना. पुढच्या पावसाळ्यात आम्ही सगळं लॉगरवर सोडलं. पहिल्याच महिन्याचा डेटा उघडला. रोज सकाळी आठ वाजून काही मिनिटांनी पाणी केसभर वर... मग झपकन खाली. तिसरी खूण नाही. एकाही दिवशी नाही.

लॉगर बदलला. म्हशी, माकडं, खेकडे, सगळं गृहीत धरून पाहिलं. आमच्या गटाचे प्रमुख, सर, म्हणाले, "सेन्सरचा दोष असेल, फिल्टर लावून काढून टाक." मी काढून टाकत राहिलो. बाहेर कुणाला बोललो नाही.

या पावसाळ्यात मात्र राहवेना. एका सकाळी आठच्या आधी एकटाच जाऊन काठावर बसलो. लख्ख उजेड. खाचेत पानं दाटलेली. आठ वाजून गेले आणि डोहातल्या मोजपट्टीवरचं पाणी केसभर चढलं. वारा नव्हता. पानांचा गठ्ठा हलला, सुटला, आणि ओंजळीओंजळीने डाव्या काठावर जाऊन पडू लागला. ओला, निथळणारा ढीग. खाच मोकळी झाली, पाणी उतरलं. मग सगळं थांबलं. डोहाच्या मधोमध पाणी दोन पायांभोवती वळावं तसं वळत होतं. समोरून कुणीतरी बघतंय, माझ्या उत्तराची वाट बघतंय असं वाटलं. मी पळालो. चप्पल तिथेच राहिली.

पळत थेट नानांच्या घरी. काकू, म्हणजे त्यांची बायको, अंगणात घेवडा निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. फोन आला होता, वर पाऊस होता, मी खोटं बोललो.

काकूंनी मान वर केली नाही. "मला ठावं हाय. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा. मी हितंच व्हते."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी कवा बोलताय ते बघत व्हते." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पर मला सांगून काय उपेग? त्यास्नी सांगा. उभंच हायेत अजून तितं."

ग्राफचं मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. डोहात काय पाहिलं तेही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. काकू दगडावर बसल्या. पाणी चढलं, पानं निघाली, सगळं थांबलं. मी काठावरून म्हणालो, "नाना, वर पाऊस होता. मला माहीत होतं. बाहेर या." काहीच झालं नाही.

काकू म्हणाल्या, "कानानं कमी हायेत, इसरलात व्हय? जवळ जाऊन सांगा."

आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. तरी उतरलो. पाणी बर्फासारखं. जिथे पाणी वळत होतं तिथवर गेलो, वाकलो आणि ओरडून तेच पुन्हा सांगितलं. किती वेळ उभा होतो कळलं नाही. बाहेर आलो तेव्हा काकू पदराने डोळे पुसत होत्या. "चला," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर सही उमटलेली नाही. मी जबाब बदलून दिला आहे. सरांनाही सांगितलं. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. त्या दिवसाचा डेटा मात्र मी कुणाला पुसू देणार नाही.

त्यात पाणी दोनदा चढलं आहे, आधी नाना आणि मग मी. पानांची खूण सोडली तर उतरलंही दोनदा. पहिल्यांदा उतरलं त्या मिनिटाला मी डोहातच उभा होतो. वेळ जुळवून पाहिली, काकूंनाही विचारलं. सेन्सरचा दोष म्हणावा, तर ठीक आहे, म्हणा. पण त्याच वेळी कुणीतरी माझा दंड घट्ट धरला होता, निसरड्या दगडावरून बाहेर निघताना धरतात तसा. त्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.