काबरीच्या पोटावरचा हात

आई यावलला केळीच्या बागेत मजुरीला जायची, तेव्हा घरातलं धान्य उंदरांपासून राखायला आमची काळी-तांबडी काबरी मांजर होती. तिच्या पोटाला गाठ आली. पिल्लं दूध प्यायची सुटल्यावर ते गोठलं असेल म्हणून आईने गायीला लावतात तसा हळदीचा लेप लावला. दोन महिन्यांत काबरी गेली. शेजारणी म्हणाल्या, "हा रंगच रोगट."

घरातला पहिला पदवीधर मी. नोकरी लागल्यावर शहरात देवपूरला खोली घेतली आणि हट्टाने त्याच रंगाची काबरी पाळली. दर वर्षी लस टोचायला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचो. तिथल्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरचं नाव मी कधी विचारलं नाही, सगळे नानाच म्हणत. म्हैस असो की मांजर, ते डोळे मिटून आधी तिचे सड चाचपायचे.

एकदा त्यांची बोटं थांबली.

"तूरना दानाइतकी गाठ शे."

"नाना, हा रंग रोगटच ना?"

"पदवीधर शेस ना तू? रंगना काय दोष! काबरी बहुतेक मादीच, अन् ही गाठ मादीलेच जास्त. लेप नको लाऊ, भाऊ. डॉक्टरकडे चाल."

बाहेर म्हशी खोळंबल्या होत्या. नानांनी तिला स्वतः टेबलावर नेलं आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत ते तिचं डोकं तळहातावर धरून उभे राहिले.

नाना आता निवृत्त झाले. दर रविवारी मीच डोळे मिटून तिचं पोट चाचपतो. आमच्या घरात म्हातारी झालेली ही पहिलीच मांजर.