डायवरीण पुन्हा बघताना

शाळेतली माझी कंत्राटी नोकरी मार्चात संपली. चंद्रपूरच्या खोलीला कुलूप लावून मी सावलीजवळच्या आमच्या गावी आईकडे आले. सोबत कपड्यांची पिशवी, लॅपटॉप आणि त्यात उतरवून घेतलेली एक जुनी मालिका. मी शाळेत असताना ती रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, हिंदीत डब केलेली. जळून गेलेल्या ग्रहावरून वाचलेली माणसं एका यानात बसून नवं घर शोधत फिरतात, एवढीच गोष्ट. घर काही त्यांना शेवटपर्यंत मिळत नाही, पण फिरता फिरता माणसं बदलतात.

आईला हिंदी जेमतेम कळायची. तरी तांदूळ निवडायचं काम ती बरोबर त्याच वेळेला काढायची. पात्रांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून तिने आपलीच ठेवली. यानाचा प्रमुख तो कप्तान, यंत्रमानव तो लोखंड्या, आणि यान चालवणारी बाई ती डायवरीण. आमच्याकडे अजूनही कोणी मान आखडून चाललं की 'लोखंड्या आला' म्हणतात.

म्हटलं, नोकरी नाही तर नाही, दुपारी दोघी मिळून सगळी मालिका पुन्हा बघू. माझं डोकं ठिकाणावर राहील आणि आईही उन्हात कुठे जाणार नाही. खरी काळजी तिच्या जाण्याचीच होती. मोहाचा हंगाम होता आणि गावाच्या शिवारात वाघ फिरत होता. वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली होती की जंगलात जाऊ नका, गेलात तर एकट्याने जाऊ नका. पण मोह पहाटे गळतो. उशीर केला तर फुलं गुरांच्या नाहीतर हरणांच्या पोटात जातात. त्यामुळे बाया जातातच, घोळक्याने जातात.

आत गेल्यावर मात्र घोळका राहत नाही, कारण ज्याची त्याची झाडं ठरलेली. वाकून वेचणारं माणूस वाघाला लांबून जनावरासारखं दिसतं, म्हणून आवाज करत राहायचा. थोड्या थोड्या वेळाने एक बाई 'हूऽऽ' अशी हाक देते आणि एकेका झाडाखालून 'हो' येतो. एखादा 'हो' आला नाही की बाकीच्या टोपल्या टाकून तिकडे धावतात. कोणी शिकवलेलं नाही, पूर्वीपासून असंच चालत आलंय.

मी आले त्याच संध्याकाळी पलीकडच्या घरातली मावशी माझ्यावर येऊन घसरली. ती आणि आई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, तेव्हापासूनची मैत्री.

"तुया मायले लय घमंड चढली वो! हाक मारली तं 'हो' देत नाई. आमी टोपले टाकून, जीव मुठीत घेऊन पळालो, अन् ही बाई आरामात फुलं वेचून राह्यली. पोरगी मास्तरीण झाली तं आता आमी कोणी नाई का?"

मास्तरीण त्या आठवड्यात घरी बसलेली होती, पण ते मावशीला कशाला सांगा. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तिचं तोंडच तसं आहे." मग मी समेटाच्या उद्योगाला लागले. इकडची भाजी तिकडे नेली, तिकडचा निरोप इकडे आणताना त्यातले काटे काढले. दोघींपैकी एकीनेही नमतं घेतलं नाही. मला दोघींचाही राग आला. जंगलात वाघ आणि यांचं काय चाललंय?

एका दुपारी आम्ही मालिका बघत असताना मला फोन आला. मी लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद करून अंगणात गेले. बोलणं लांबलं. परत आले तर आई पाठमोरी बसून मालिका बघतच होती. लोखंड्या धडपडला तशी ती खुदकन हसली. डायवरीण पडद्यावर आली तशी पुढे सरकून बसली. मी बाजूला बसणार, इतक्यात लक्षात आलं की आवाज अजून बंदच आहे.

मी दारातच थांबले. "माय, चहा मांडू का?" म्हटलं. ती हलली नाही. जरा मोठ्याने म्हटलं. मग माझ्या तोंडून काय निघावं, "माय, मागं साप आहे." आई शांतपणे पडद्याकडे बघत राहिली. साप नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी एकदा खाली बघून घेतलं.

समोर बसून बोललं की तिला कळायचं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती ओठ वाचत होती. मी समोर जाऊन बसले, तिचे हात धरले आणि विचारलं. आधी तिने उडवून लावलं. मग म्हणाली, "सांगू नोको कोणाले. सांगशील तं मले कोणी नेणार नाई. अन् ओट्यावर बसून मी का करू, माशा मारू?"

"दवाखान्यात जाऊ, कानाचं मशीन घेऊ."

"घेऊ. मोह सरल्यावर."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासोबत जायला लागले. तिच्या झाडापासून हाताच्या अंतरावर वेचायचे. वेचायचे म्हणजे काय, चार फुलं उचलायची आणि मान वर करून झुडपांकडे बघायचं. हाक आली की आईच्या वाट्याचा 'हो' मीच द्यायचे. लांबून मावशीने विचारलं, "तुयी माय मुकी झाली का वो?" मी ओरडून सांगितलं, "घसा बसला तिचा!" खोटं सहज निघालं. आई मला बघून हसली, तिला वाटलं आम्ही गप्पा मारतोय. मी नसताना ती अशीच हसत फुलं वेचत राहणार होती आणि मागे काहीही आलं तरी तिला कळणार नव्हतं.

त्यानंतर मालिकाही वेगळीच दिसायला लागली. डायवरणीची दृष्टी जाऊ लागलेली असते आणि ती ते लपवते. शेवटी कप्तान सगळ्यांच्या देखत तिला खुर्चीवरून उठवतो. लहानपणी मी त्याच्या बाजूने होते. खोटं बोलून सगळ्यांचा जीव धोक्यात घालणारी बाई, उठवलं ते बरंच केलं! आई मात्र त्या रविवारी सूप आपटून उठली होती.

आता पुन्हा बघताना दिसलं की कप्तानाला ते फार आधीपासून माहीत असतं. किती तरी भाग तो तिच्या हातांकडे बघत असतो. ती चाचपडून कळ शोधते तेव्हा तो मुद्दाम दुसरीकडे मान वळवतो. त्याचा आरडाओरडा, त्याचे फुकटचे हुकूम, सगळं त्या भीतीपोटी. मला तो उर्मट वाटायचा, तो खरा भ्यालेला होता. आणि भ्यालेला माणूस आधी गप्प बसतो आणि मग एकदम भलतंच बोलतो. मी गप्प बसण्याच्या पायरीवर होते.

तेवढ्यात चंद्रपूरहून फोन आला. दुसऱ्या एका शाळेत जागा निघाली होती, लगेच रुजू व्हायचं होतं. आई खूश झाली. तिने लाडवासाठी तीळ भाजायला घेतले. मला मात्र एकच प्रश्न होता. मी गेल्यावर 'हो' कोण देणार? मावशीला सांगितलं तर आईला दिलेला शब्द मोडतो. नाही सांगितलं तर... मी पुढचा विचार करायचे नाही, पण तो विचार आपण होऊन यायचा, चपातीला तेल लावतानासुद्धा. "नको जाऊस" असं मी आईला ओरडून, हात जोडून, रडूनही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुले भेव वाटते, तं तू नोको येऊ."

निघायच्या आदल्या दुपारी नेमका तोच भाग आला. कप्तान ताडताड चालत डायवरणीकडे निघाला, तसं आईने लॅपटॉपवर हात ठेवला. "हा नोको पाहू. पुढचा लाव."

"काऊन?"

तिने हात तसाच दाबून धरला. मी तिचा हात बाजूला केला. भाग चालू राहिला. कप्तान बोलत होता, डायवरीण उठत होती. आईने पदर तोंडाला लावला. माझ्या मनात होतं ते मी तिच्या समोर तोंड करून बोलून टाकलं. "माय, मी असं नाई करणार. चारचौघांत मी तुले उठवणार नाई. पण मले झोप येत नाई वो. तूच सांग मावशीले."

तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं. पुढच्या भागांत काय होतं ते दोघींना पाठ होतं. एका वादळात दुसऱ्या कोणालाच यान आवरत नाही, तेव्हा कप्तान स्वतः जाऊन डायवरणीला घेऊन येतो, तिला खुर्चीवर बसवतो आणि समोर काय दिसतंय ते शेजारी बसून सांगत राहतो. डोळे त्याचे, हात तिचे. मग शेवटपर्यंत ते तसंच यान चालवतात.

"मंग आधीच बसाचं होतं ना त्यानं बाजूले," आई म्हणाली. "अन् तिनंही आधीच सांगाचं होतं. दोघंही अडेल."

तिने तिळाच्या लाडवांचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

पहाटे मी पिशवी घेऊन आई आणि मोहाला निघालेल्या बायांसोबत रस्त्यापर्यंत गेले. तिथून पुढे जंगल, आणि तिथेच एसटीचा थांबा. बाया टोपल्या सावरत होत्या. आई सरळ मावशीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मले आयकू येत नाई वो. दोन वर्षांपासून कमी होत होतं, आता पुरं गेलं."

मावशीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती आईवर अशी काही तुटून पडली की बाकीच्या मागे सरल्या. "बयताड! अन् मी तुले शिव्या देऊन राह्यली! वाघानं नेलं असतं म्हंजे? कोणाले तोंड दाखवलं असतं मी?" बोलता बोलता तिचं तोंड रडण्याने वेडंवाकडं झालं आणि तिने ते पदरात लपवलं.

ओठ दिसेनासे झाले. आईने माझ्याकडे बघितलं. "का म्हणून राह्यली?"

"आजपासून तिच्याच झाडाखाली वेच म्हणते," मी मनचंच जोडून सांगितलं. मावशीने पदराआडून मान हलवली, आईचा दंड धरला आणि तिला घेऊन आत गेली.

मी थांब्यावर एकटी उभी राहिले. उजाडत होतं. थोड्या वेळाने आतून पहिली हाक आली. मग एक 'हो', लांबून दुसरा, तिसरा. मग मावशीचा, तो मी ओळखला. त्यानंतर काहीच नाही. आणि मग मावशीचाच आवाज पुन्हा आला, जरा जास्त मोठा, "होऽऽ!" आईच्या नावाचा.

एसटी येऊन थांबली. कंडक्टर दार उघडून "चला बाई, चला" करत होता. मी त्याला हाताने जरा थांबायला सांगितलं आणि पुढच्या हाकेसाठी कान देऊन उभी राहिले.