सत्तावीस कोयते

बाजार कशानं भरतो, सांगा बरं? मालानं? शहाऐंशीच्या उन्हाळ्यात देवगाव फाट्यावर माल पडून होता, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. ऊसतोड संपवून माणसं गावी आली होती, हाताला काम न्हाई. मजुरी थांबली की कापड थांबतं, कापड थांबलं की शिंप्याचं तेलमीठ थांबतं. अशा वक्ताला सरकारनं काम काढायचं असतं, म्हणजे पैसा पुन्हा फिरतो. रोजगार हमी त्याच्यासाठीच. पन्नास मजुरांनी मागणी करायची, पंधरा दिवसांत काम.

सरजाबाई ऊसतोडीची बाई. मोळ्या वाहून मान वाकडी झालेली. पहिलटकरीण लेक बाळंतपणाला आलेली. गावात काम निघालं न्हाई तर लेकीला टाकून वीटभट्टीवर जाणं भाग होतं.

मुकादम लिंबाजीनं मागणीची यादी केली. मी मजुरांच्या संघटनेचा माणूस, ती तालुक्याला नेली.

"सत्तावीसच हायेत," साहेब म्हणाला.

मी भडकलो. मग यादी वाचली. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव नवऱ्याचं. लिंबाजीनं सवयीनं कोयतेच लिहिले, अन् मी शहाणा, न वाचताच साहेबापुढं आपटले.

गावात येऊन सांगितलं. पारावर बाया येत नसत. सरजाबाई आली.

"माझं नाव लिवा."

नवरा आसाराम हसला. "अगं, माझ्यात तू हायसच की."

"मोळी उचलताना कुठं असता तुमी?"

पार हसला. लिंबाजी म्हणाला, "वैनी, साहेब इचारंल, तुमी काय काम करता."

"त्येला म्हनावं, एक दिस माझ्या मागं मोळ्या वाहा, मंग इचार."

तिच्यामागून कडूबाई आली, वच्छलाबाई आली. चौपन्न अंगठे झाले. पण मागणी नव्यानं दिली, म्हणून पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून. मधेच भट्टीचा ट्रक आला. सरजाबाई चढली न्हाई, अर्ध्या भाकरीवर राहिली.

सोळाव्या दिवशी खडी फोडायचं काम निघालं. लेक बाळंत झाली तेव्हा आई गावातच होती. पहिल्या पगारात डिंक आला, बाळाला कापड आलं. शिंप्याचं मशीन चाललं. हजेरीपटावर मात्र कारकुनानं लिहिलं, 'आसारामची बायको'. पुन्हा भांडलो. आता भांडून भांडून घसा बसलाय.

तुमच्या गावात मागणीचा कागद निघाला तर एवढं करा: बाईला समोर बोलवा, तिचं नाव तिलाच विचारा, अन् वेगळ्या ओळीत लिहा.