डांगऱ्यांची वाकळ

दुसऱ्या पाळीचं मशीन नुकतंच चालू केलं होतं, तेवढ्यात सुपरवायझर स्वतः चालत माझ्यापाशी आले. एरवी हा माणूस लांबून हात हलवून बोलावतो. "घरून फोन होता. भावाकडे जा," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातलं फडकं त्यांनीच काढून घेतलं. शालिनीवहिनी बरेच महिने आजारी होत्या, त्यामुळे पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. सायकल मारताना मात्र डोक्यात भलतंच येत होतं... अंगात कामावरची डांगरी तशीच आहे, आता वहिनी बघतील आणि म्हणतील, 'भाऊजी, जुनी झाली की मला द्या हं.' आता असं मागणारं घरात कुणी नव्हतं, हे संत तुकाराम नगरच्या वळणावर ध्यानात आलं आणि मी सायकलवरून उतरून चालायला लागलो.

वहिनी पुण्याच्या पेठेतल्या, रीतसर चित्रकला शिकलेल्या. दादाशी लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं होतं म्हणे, "पिंपरीत जाऊन काय रंगवणार, बॉयलर?" वहिनींनी उत्तर दिलं, "वेळ आली तर तोही रंगवीन." दोन खोल्यांच्या घरात चित्राला जागा नव्हती, म्हणून त्या गॅलरीत रंगवायच्या आणि शेजारचे पापड एका बाजूला सरकवायच्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी समाजमंदिरात मूकबधिर मुलांना. त्या मुलांची शाळा तिथंच भरायची. लग्नाची तिथी आली की मांडव आत आणि मुलं घरी. कुणीतरी म्हणालं, त्यांना कुठं बँड ऐकू येतो. वहिनी म्हणाल्या, "बँड ऐकू येत नाही. हाकललेलं कळतं."

त्या मुलांना स्वतःची खोली मिळावी म्हणून पुण्यात प्रदर्शन ठरलं. चित्रकारांनी एकेक चित्र द्यायचं, विक्री शाळेला. बाकी मंडळी नावाजलेली, नदीच्या अलीकडच्या, पिंपरीच्या, एकट्या आमच्या वहिनी. चित्र पडलं तर खोलीही गेली आणि पिंपरीचंही हसं झालं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कॅनव्हास आणलाच नाही. कॉलनीत दारोदार हिंडून कामगारांच्या जुन्या डांगऱ्या मागितल्या. जाड निळ्या कापडाचा तो कामावरचा पोशाख, कितीही धुतला तरी तेलाचा वास न सोडणारा. "वहिनी, बोहारणीचा धंदा काढला का?" मी चिडवायचो. शेजारच्या नसीमभाभींनी आपल्या शिलाई मशीनवर सगळ्या डांगऱ्या उलगडून एकमेकींना जोडून दिल्या. भाभींचे मिस्टर गॅरेजात मेकॅनिक, त्यांचीही एक त्यात होती. मग वहिनींनी चित्र काढलं, पाळी सुटल्यावर गेटातून बाहेर पडणारी माणसं. अंगावरचे कपडे म्हणजे त्या खऱ्या डांगऱ्याच. रंगवायचे होते फक्त चेहरे आणि हात. दादाचा चेहरा जरा हिरोसारखा आला होता, त्यामुळे तो फार खूश होता.

चित्र पाठवायला दोनेक दिवस उरले असतील. वहिनी शाळेत, आम्ही कामावर. चाकणकडच्या आमच्या गावाहून आई एस.टी.नं आली. तिच्याकडे किल्ली असायची. गॅलरीत जुन्या डांगऱ्यांचं जोडलेलं भलंमोठं घडीचं कापड दिसलं, कडेला रंगाचे डाग. आईच्या मनात शंकाच आली नाही. सुनेनं वाकळ शिवायला घेतली आणि तिच्यावर रंग सांडून ठेवला. आमच्याकडे मळकं कापड वाकळीत घालत नाहीत. आईनं घडी तशीच सोड्याच्या पाण्यात भिजवली, पदर खोचला आणि ब्रशानं घासायला घेतली. रंग वरवर वाळला होता, पण अजून पक्का बसला नव्हता.

आम्ही तिघं आलो तेव्हा ते दोरीवर निथळत होतं. माणसं उभी होती, चेहरे गेले होते. नाकाची एखादी रेघ, कपाळाची सावली, एवढंच उरलेलं. मी ओरडलोच, "आई, अगं तुला तोंडं दिसली नाहीत?"

"दिसली की. पर तवर निम्मं धुनं झालं व्हतं. अर्धं धुतल्यालं बरं दिसतं व्हय?" असं म्हणाली खरी, पण सुनेचा चेहरा पाहून खालीच बसली. "सोन्यासारखं काम नासलं गं माझ्या हातनं."

वहिनी दोरीपाशी गेल्या आणि एकेक डांगरी निरखायला लागल्या. दादा म्हणाला, "रात्र जागून चेहरे पुन्हा काढ." त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नसीमभाभींना हाक मारली. "भाभी, यातले तुमचे कुठले?" भाभींनी क्षणभरही न शोधता बोट ठेवलं. "हे आमचेवाले. हा खिसा मीच लावला ना, हिरव्या दोऱ्याचा." मग वरच्या मजल्यावरच्या आल्या, समोरच्या आल्या. कुणी गुडघ्यावरचं ठिगळ ओळखलं, कुणी विडीनं पडलेलं भोक. गॅलरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. वहिनी आईशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आई, मी काढलेले चेहरे कुणाचेच नव्हते. आता बघा, सगळ्यांना आपापला माणूस सापडतोय." दादानं आपला चेहरा परत मागून पाहिला, मिळाला नाही.

प्रदर्शनात आम्ही सगळे गेलो, आईलाही नेलं. पुण्याचे एक वयस्कर चित्रकार त्या निळ्या कापडासमोरून हलेनात. "डेनिमवर असं काम मी पाहिलं नाही," ते म्हणाले.

"आमच्याकडे याला डांगरी म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

"आणि चेहरे पुसायची कल्पना कशी सुचली?"

वहिनींनी मागे दडलेल्या आईला हाताला धरून पुढं आणलं. "ती माझी नाही, सासूबाईंची."

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "म्यां पुसलं न्हाई. धुतलं."

ते गृहस्थ हसले नाहीत, त्यांनी हात जोडले. अभिमानानं छाती फुगणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. चित्राखालच्या चिठ्ठीवर दोन नावं होती, शालिनी आणि यमुनाबाई. आईला वाचता येत नाही. तिनं मला विचारून आपलं नाव कुठलं ते पाहून घेतलं आणि त्यावरून एकदा बोट फिरवलं. चित्र विकलं गेलं, मुलांना खोली मिळाली. पत्र्याची का असेना, आता लग्नाची तिथी आली म्हणून कुणी त्यांना उठवत नाही.

घरी आल्यावर वहिनींनी आईकडून तो धुण्याचा ब्रश मागून घेतला आणि खिडकीतल्या पितळी गडव्यात, आपल्या रंगाच्या ब्रशांमध्ये खोचून ठेवला. दादा कुरकुरला, घरात दुसरा ब्रश आणावा लागला. नंतर त्यांनी पुष्कळ चित्रं काढली, काही लांबच्या शहरांत गेली, पण गडव्यातली ती जागा कधी बदलली नाही. मी थट्टा केली की म्हणायच्या, "भाऊजी, माझ्याकडचा सगळ्यात मोठा ब्रश आहे तो."

वहिनींच्या तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दादा घर आवरत होता. खिडकीपाशी आला, गडव्यातून तो झिजलेला ब्रश उपसला आणि मोरीकडे निघाला. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढं केला, ब्रश घेतला, पदरानं पुसला. मग भिंतीला धरून उठली आणि स्वतः तो गडव्यात परत ठेवून आली.

"ऱ्हाऊ दे तितंच," ती दादाला म्हणाली. "त्यो धुन्याचा न्हाई, चितराचा हाय."