साबणमावशींचं स्वयंपाकघर

मॅनेजरसाहेब शिवणकारखान्यात रुजू झाले त्याच दिवशी त्यांची साबणमावशींशी गाठ पडली, आणि त्या पहिल्या भेटीत त्यांच्या तळहातावरच्या आयुष्यरेषा, धनरेषा वगैरे ज्या काही रेषा होत्या त्या सगळ्या धुऊन गेल्या, असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत. कॅन्टीनची पाहणी करायला म्हणून ते ऐटीत दारापाशी पोचले, तर आतून एक झारा आडवा आला. झाऱ्यामागे चार फूट दहा इंच उंचीच्या स्वयंपाकीणबाई होत्या.

"हात," बाई म्हणाल्या.

"मी नवा मॅनेजर आहे."

"असाल की. जंतूंना कुठे ठाऊक आहे? हात धुवा."

साहेबांनी धुतले. मावशींनी नखं बघितली आणि परत धुवायला लावले. तिसऱ्यांदा धुऊन होईपर्यंत आपण आलो कशाला तेच साहेब विसरले आणि पँटला हात पुसत परत गेले. या बाईच्या हातचा घासही खायचा नाही, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा घरून यायला लागला.

मावशींकडे रोज तीनशे माणसांचा भात शिजायचा आणि जेवणं उरकल्यावर एक शीतही ओट्यावर उघडं राहायचं नाही. भात गार करत ठेवला की त्यात काय वाढतं, अंडी फोडलेल्या हातानं काकडी का चिरू नये, हे त्या मदतनीस बायकांना भांडल्यासारखं शिकवत. लहानपणी त्यांचा धाकटा भाऊ जुलाबांनी दीड दिवसात गेला होता. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कांदा चिरताना, म्हणजे डोळ्यांबद्दल कुणी विचारायला नको. प्यायचं पाणी त्या उकळून ठेवत, पण ते कोमट लागतं म्हणून कारागीर कूलरवर जात. शिवाय रोजच्या प्रत्येक पदार्थाचा एकेक चमचा उकळलेल्या बाटलीत घालून, वर तारीख चिकटवून, मावशी तीन दिवस फ्रिजमध्ये जपून ठेवत.

"मावशी, एवढंसं कुणाला?" कारागीर विचारत. "उंदरांना पार्सल?"

"तुमच्या पोटानं उद्या माझ्यावर आळ घेतला तर माझे साक्षीदार आहेत ते."

आळ एका मंगळवारी आला. बेचाळीस कारागीर आडवे झाले. उलट्या, जुलाब, पोटात पीळ, अंगात ताप. यंत्रं थंड पडली आणि संडासापुढची रांग जिन्यापर्यंत गेली. बुधवारी साहेबांनी फलकावर कागद लावला: अन्नातून विषबाधा, कॅन्टीन बंद, स्वयंपाकिणीला कामावरून कमी करण्यात येत आहे.

मावशींनी कागद वाचला, फ्रिजला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि फ्रिजपुढे स्टूल टाकून बसल्या.

"माझ्या बाटल्या तपासल्याशिवाय मी हलायची नाही. त्यांत काही निघालं तर मीच शेगडी विझवून जाईन. तोवर मला ओढून काढायचं असेल त्यानं यावं. हात धुऊन यावं."

कुणीच आलं नाही. दुपारी आरोग्य निरीक्षक मात्र आले आणि त्यांनी बाटल्या ताब्यात घेतल्या.

"अहवालाला तीन दिवस लागतील," ते म्हणाले.

"तीन दिवसांत माझी अब्रू जाईल आणि अजून शंभर माणसं आडवी होतील," मावशी म्हणाल्या. "आजाऱ्यांत माझ्या हातचं न खाणारा कुणी आहे का, ते आधी विचारा."

निरीक्षकांनी मान डोलावली. "असा एक जरी निघाला, तरी आधी पाण्याकडे बघावं लागेल."

"असा कुणी नाही," साहेब घाईनं म्हणाले.

"तुम्ही आहात की."

"मी कुठे आजारी आहे?"

"साहेब, तुमच्या बाथरूममध्ये साबण मीच ठेवते. एक वडी तुम्हाला दीड महिना पुरते, म्हणजे बघा. या सोमवारपासून दोन संपल्या."

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. कबूल करावं तर आपणच लावलेला कागद खोटा ठरतो. न करावं तर पोट ऐकत नाही. पोटात गुडगुडलं, ते निरीक्षकांनाही ऐकू गेलं. साहेब दाराकडे वळले. दारात मावशी उभ्या होत्या.

"आधी लिहून द्या."

"बाई, वाट सोडा."

"कागद तिथे आहे, पेन खिशात आहे."

साहेबांनी आयुष्यातला सगळ्यात जलद निर्णय घेतला. 'मी कॅन्टीनचं अन्न कधीही खाल्लेलं नाही. मला सोमवारपासून जुलाब होत आहेत.' खाली सही ठोकली आणि ते धावले.

त्यांची पाण्याची बाटली शिपाई कूलरवर भरत असे. निरीक्षकांनी त्याच दिवशी कूलर बंद करवला आणि अंगण खणायला लावलं. कूलरला पाणी पुरवणाऱ्या जमिनीखालच्या टाकीशेजारून जाणारा संडासाचा पाइप फुटलेला निघाला. शनिवारी अहवाल आला: बाटल्या स्वच्छ, कूलरच्या पाण्यात आणि आजाऱ्यांच्या पोटात जंतू तेच. फलकावरचा कागद मावशींनी साहेबांनाच काढायला लावला, सगळ्या कारागिरांसमोर.

दीड वर्षानं मावशी वयाच्या नियमानं निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही आणि स्वयंपाकघर बंद झालं. तिथे आता कापडाचे गठ्ठे ठेवतात.