शाळेचा निळा

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी कंपनीच्या गेटवर रजिस्टर मीच लिहायचो. साहेब लोक अक्षर बघून विचारायचे, वॉचमन, कितवी शिकलात? मी सांगायचो नाही.

माझी एकुलती पोरगी आठवीला गेली, त्या वर्षी तिच्या शाळेनं गणवेश बदलला. तिनं वहीत उतरवून आणलं होतं : निळा कुडता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. कापडाला मी शिरूरला गेलो. दुकानदार म्हणाला, "कोणता निळा?" मला हसूच आलं. आमच्या वस्तीत निळा एकच, जयंतीला कमानीवर लागतो तो. "निळा म्हंजी निळा," म्हणालो. त्यानं गुमान फाडून दिला. बायकोनं कुडता शिवला आन् पोर वाढतीय म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवली.

पहिल्याच दिवशी पोरगी दुपारच्या आत घरी. प्रार्थनेच्या रांगेतून तिला बाजूला काढलं होतं. शाळेला हवा होता आकाशी.

दुसऱ्या दिवशी ड्युटीचा ड्रेस घालून, टोपीसकट, मी तिला घेऊन शाळेत गेलो. हेडमास्तरांनी कुडत्याकडं बघितलं.

"मामा, हा काय मोर्चाचा रंग आणला?"

शेजारचा मास्तर खुदकन हसला.

"वहीत निळा लिवलाय, सर. वाचा."

"अहो, आकाशीलाच निळा म्हणतात."

"तुमच्यात म्हणत असत्याल."

"तुम्ही वॉचमन ना? नियम काय असतो ते मी तुम्हाला सांगू?"

हे लागलं. बिनबुटाच्या माणसाला मीही गेटातून आत सोडत नव्हतो. पण तिथं पायावर लोखंड पडतं. पोरीनं गडद निळा घातला म्हणून कुणाच्या डोक्यात काय पडणार होतं? तिचं गणित चुकणार होतं? हे तिथं सुचलं नाही. परत येताना सायकलवर सुचलं.

मग हेडमास्तर जरा नरमले. कपाटातून एक आकाशी कुडता काढला. "माझ्या मुलीला नमुन्यासाठी शिवला होता. दोनदाच घातलाय. हिला होईल. घ्या, विषय संपला."

माझ्या आज्यानं जन्मभर लोकांचं उतरलेलं अंगावर घातलं. बापाला कुणीतरी वापरलेलं धोतर दिलं, ते त्यानं घरी न आणता ओढ्यात टाकलं. मी संगट होतो.

"उतरलेलं माझी पोर घालणार न्हाई."

"मग ती वर्गात बसणार नाही."

पोरगी दारात उभी होती. ती त्या आकाशी कुडत्याकडं बघत होती. ते मी बघितलं. बघून तिचा हात धरला आन् बाहेर पडलो.

नवं कापड आणणं अवघड नव्हतं. आणलं नाही. आकाशी आणला असता तर मोर्चाचा म्हणणारा खरा आन् मी खोटा ठरलो असतो. शाळेनं बोलवायला यावं, म्हणून बसून राहिलो. बायको म्हणाली, "तुमची मान ताठ राहील, पोरीचं काय?" तिला म्हणालो, तू गप.

कुणी आलं नाही. पोरगी रोज दप्तर भरून ठेवायची. दिवाळी झाली आन् तिनं दप्तर भरायचं सोडलं. आईबरोबर खुरपायला जाऊ लागली. कुडत्याची दुमड उसवायची वेळच आली नाही. पुढं केडगावात दिली.

नियम चुकीचा होता, हे मी आजही म्हणतो. सगळी पोरं सारखी दिसावीत म्हणून गणवेश, आन् त्याच गणवेशापायी एकटी पोर रांगेबाहेर. ते हेडमास्तर आता भेटले तरी तोंडावर सांगेन. पण पोरीला काय सांगू? तिनं कधी विचारलंच नाही.

नात पहिलीला गेली तेव्हा मी केडगावात होतो. म्हणालो, "चल, नातीच्या ड्रेसचं कापड मी घेतो."

पोरीनं पर्समधून कापडाचा एक तुकडा काढला. शाळेतून मागून आणला होता.

"नको, आबा. ह्याला जुळवून मीच आणते. तुम्ही बसा."

हसूनच म्हणाली. नातीला घेऊन गेली. मी बसलो.