राजमहंमद मिस्त्रींचे भय

भयाला आपण सहसा दुर्गुणांच्या पंक्तीत बसवतो. निर्भयतेची स्तोत्रे सर्वांच्या मुखी असतात; परंतु ज्याच्या हातांवर दुसऱ्याचे प्राण विसंबतात, त्याच्या अंतःकरणात थोडे भय जागे असावे, ही ईश्वराची कृपाच म्हटली पाहिजे. लोणावळ्याहून कुसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडीत मोटारी दुरुस्त करणारे राजमहंमद मिस्त्री असे भयशील पुरुष होते. तरुणपणी मोटार चालू करायला हँडल मारताना एका इंजिनाने उलटा झटका दिला आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड सांधले, अंगठा मात्र बधिर राहिला. ठिणगी क्षणभर आधी पडली तर काय होते, हे पुढे त्यांना कोणी शिकवण्याची गरज उरली नाही.

१९३१ च्या भाद्रपदातील एका दुपारी केशव ड्रायव्हरची भाड्याची मोटार फाटफाट आवाज करीत त्यांच्या दारात येऊन बंद पडली. मागे अनंत मास्तर बसले होते. मांडीवर त्यांची पाच वर्षांची सुनेत्रा. तिला घटसर्प झाला होता. त्यावरची सुई पुण्यालाच मिळणार होती, आणि पुण्याकडे जाणारी आगगाडी तीन तासांनी होती. मुलीच्या प्रत्येक श्वासाला करवतीसारखा आवाज येत होता.

"मिस्त्री, हात चालवा," केशव म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, दिवस मावळायच्या आत सुई टोचलीच पाहिजे."

मिस्त्रींनी बॉनेट उघडले. प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत केसासारखी काळी रेघ उमटली होती. तिच्यावरून ठिणगी भलत्याच वाटेने पळत होती. शिवाय बुडाचा स्क्रू धक्क्यांनी ढिला होऊन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, सरकले होते. त्यांनी डिस्ट्रिब्युटर उपसून घेतला, रेघ चाकूने खरवडून तीवर लाख बसवली, ठिणगी पाडणारे जळके पॉइंट कानशीने घासले. आता तो पुन्हा बसवायचा. इथे त्यांचा एक नेम होता: पहिला प्लग काढून त्याच्या भोकावर डावा अंगठा ठेवून इंजिनाचा दाब अजमावल्याखेरीज टायमिंग बांधायचे नाही. पण मागून तो श्वास ऐकू येत होता. मध्येच तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मिस्त्रींना दरदरून घाम फुटला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी नेम मोडला. इंजिनाच्या चक्रावरची खूण जुळली, एवढ्यावरच डिस्ट्रिब्युटर बसवून टाकला.

हँडल फिरताच कार्ब्युरेटरमधून भडका उडाला.

"अहो, जिवंत जाळता का आम्हांला!" केशव ओरडला.

चूक मिस्त्रींना तत्क्षणी कळली. ती खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते, एकदा दाबाच्या वेळी आणि एकदा धूर बाहेर पडताना. त्यांनी दुसरी धरली होती. पाना उचलायला गेले, तो हातातून गळून पडला.

"मिस्त्री, घाबरलात का हो?" मास्तरांनी कसेबसे विचारले.

"व्हय मास्तर, लय भ्यालोय. माझा अंगठा आता काय बी सांगायचा न्हाई. पोरगी केशवकडं द्या आन् तुमी हितं या. पयला प्लग काढतो, त्या भोकावर अंगठा ठिवा. आतनं रेटा आला की बोला."

मिस्त्री हँडल इंचाइंचाने फिरवू लागले.

"काही नाही... काही नाही... आला!"

"खरंच आला, का मनाला वाटतंय?"

"अहो, अंगठा उडतोय माझा!"

खूण जुळताच त्यांनी डिस्ट्रिब्युटर उपसला आणि अर्धा फिरवून पुन्हा बसवला. मिस्त्रींनी दोन पॉइंटांमध्ये पतंगाच्या कागदाची चिंधी धरली आणि डिस्ट्रिब्युटर तसूतसूने वळवला. कागद अडकून होता. मग अलगद सुटला. पॉइंट उघडले, ठिणगीची वेळ सापडली. त्यांनी स्क्रू आवळला आणि प्लग पुन्हा बसवला.

मुलीला मास्तरांच्या हाती देऊन केशव हँडलकडे वळला.

"हो बाजूला," मिस्त्री म्हणाले. "टायमिंग मी बांधलंय. मोडला तर माझाच हात मोडंल."

त्यांनी डोळे मिटले, उलटा झटका आलाच तर सापडू नये म्हणून अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि हँडल वर ओढले. इंजिन एका दमात लागले.

मोटार दिसेनाशी झाल्यावर ते रस्त्याच्या कडेलाच बसले. सुनेत्राचा श्वास मोकळा झाल्याचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर त्यांनी शेड उघडली नव्हती.

राजमहंमद मिस्त्री १९४५ साली निवर्तले. शेडीच्या जागी आता लाकडाची वखार आहे. सुनेत्राबाईंनी पुढे कामशेतच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवले.